अमावास्येला मोजलेली गल्ली

दर वर्षी मे महिना संपता संपता मल्लप्पा आठ-दहा शाळा, चार-पाच वसाहती आणि दोन-तीन समाजमंदिरं मोडून वसतिगृहाच्या बंबात घालायचा. घाबरू नका, सगळी पुठ्ठ्याची. सोलापुरात तेव्हा आर्किटेक्चरचं एक लहानसं कॉलेज निघालं होतं, एका वकिलाच्या जुन्या बंगल्यात, आणि मल्लप्पा तिथला शिपाई होता. पोरं वर्षभर खपून मॉडेलं करायची, परीक्षक यायचे, चहा पिऊन मार्क देऊन जायचे, आणि मग ती मॉडेलं कोठीच्या खोलीत धूळ खात पडायची. पुढच्या पोरांना जागा लागायची. प्राचार्य म्हणायचे, "मल्लप्पा, तेवढी खोली मोकळी कर." मग मल्लप्पा एकेक शाळा गुडघ्यावर धरून मोडायचा.

पहिल्या वर्षी त्याच्या फार जिवावर आलं होतं. एका पोरानं गरिबांसाठी घरकुलं केली होती. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीला हिरवा रंग देऊन झाडं केली होती आणि अंगणात टाचणीएवढी माणसं उभी केली होती. मल्लप्पानं ते घरी नेलं आणि भावाच्या पोरांना खेळायला दिलं. दुसऱ्या वर्षी काही नेलं नाही. तिसऱ्या वर्षापासून त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं. शाळा असो नाहीतर दवाखाना, बंबाला सगळं सारखंच. गल्लीत कुणी विचारलं, "काय मल्लप्पा, तुमच्या कॉलेजात काय करत्यात?" तर तो म्हणायचा, "गरिबाला घरं बांधत्यात. मग आमी त्यावर पाणी तापवतो."

माणूस मूळचा असा कुजकट नव्हता हो. थकला होता. वय चोपन्न, पण अंगाकडे बघून कुणीही सत्तर म्हटलं असतं. साखर पेठेतल्या एका गल्लीत अकरा घरं विणकरांची, त्यातलं एक त्याचं, एक धाकट्या भावाचं. तीस वर्षं त्यानं खड्ड्यात पाय सोडून हातमाग चालवला, आणि सुताची धूळ छातीत बसली तेव्हा डॉक्टरनं माग सोडायला लावला. माग धाकट्या भावाकडे, शिवयोगीकडे गेले आणि मल्लप्पा कॉलेजात घंटा वाजवायला लागला. घरात कानडी, गल्लीत तेलुगू, कॉलेजात मराठी, आणि दम तिन्ही ठिकाणी सारखाच लागायचा.

आता या गल्लीची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. लुगडं विणायचं तर आधी उभ्या सुताला खळ लावावी लागते, नाहीतर ते मागावर तटातट तुटतं. या कामाला म्हणायचं पाजणी. त्यासाठी सूत साठ-सत्तर हात लांब ताणून धरावं लागतं, आणि तेवढी लांब जागा गरिबाच्या घरात असते कुठे? म्हणून पाजणी गल्लीत. रोज दिवस उजाडायच्या आत लाकडी घोडे मांडायचे, या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणायचं, आणि बाया-गडी दोन्ही बाजूंनी मोठे कुंचे घेऊन खळ ओढत चालायचे. ऊन चढायच्या आत सगळं आवरायचं. नऊ वाजता गल्लीत या, काही झालं होतं असं वाटायचंही नाही. अकरा घरांची चूल त्या तीन तासांवर पेटायची.

कॉलेजात पाचव्या वर्षाला अकबरी नावाची मुलगी होती. मालट्रक चालवणाऱ्या पीरसाबची ही लेक. वर्गात एकटी मुलगी, आणि बापानं साफ सांगून ठेवलेलं, हे वर्ष शेवटचं, पास हो नाहीतर नापास हो, पुढच्या हिवाळ्यात निकाह. पोरगी हुशार, पण चेहरा कायम ओढलेला. दुपारी सगळे डबे खायला गेले की ती एकटीच बोर्डावर वाकून बसायची आणि मल्लप्पा तिला आपल्यातला अर्धा चहा द्यायचा. दोघं फारसं बोलत नसत. दोन दमलेली माणसं एका खोलीत बसली की बरं वाटतं, तसं काहीसं होतं ते.

पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतर ती म्हणाली, "मामा, मला शेवटच्या प्रोजेक्टला खरी जागा पाहिजे. विणकरांच्या गल्लीत बालवाडी आणि वर एक बसा-उठायची खोली. तुमची गल्ली दाखवाल?"

मल्लप्पाला बरं वाटलं. आठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, तुम्ही राहता कुठे म्हणून. तो म्हणाला, "दाखवतो की! पन असंतसं नगं यायला. अमावास्येला ये. त्या दिवशी माग बंद, समदी घरी असत्यात, बोलायला गावत्यात."

सांगा आता, यात त्याचं काय चुकलं? पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस घर आवरून ठेवतो, तसंच त्यानं केलं. अमावास्येला गल्लीनं सडा घातला. शिवयोगीनं घोडे उचलून परसात नेऊन रचले, आडवे येतील म्हणून. जमिनीतल्या मेखासुद्धा उपटल्या, कॉलेजच्या बाईच्या पायाला लागतील म्हणून. माणसं सिद्धेश्वराला जाऊन येऊन धुतल्या कपड्यांत ओट्यावर बसली होती. अकबरीनं टेप काढली, मल्लप्पानं दुसरं टोक धरलं, आणि तिनं वहीत लिहून घेतलं, मधे मोकळी जागा, लांब इतकी, रुंद इतकी. तिनं विचारलं, "इथं काय असतं?" चंद्रव्वा म्हणून एक म्हातारी होती, ती लाजून म्हणाली, "काय न्हाय बाई, मोकळंच असतंय." कामाचा पसारा पाहुण्याला कोण सांगतं? मल्लप्पानंही सांगितलं नाही. त्याच्या डोक्यातच आलं नाही.

एप्रिलमध्ये ज्यूरी होती, म्हणजे परीक्षकांपुढे उभं राहून प्रोजेक्ट समजावून सांगायची परीक्षा. त्या वर्षी नेहमीपेक्षा गडबड जास्त. पुण्याचे परीक्षक तर येणारच होते, शिवाय एका गिरणीच्या कल्याण ट्रस्टचा माणूस येणार होता. तो काळ आणीबाणीचा, जिकडेतिकडे काहीतरी करून दाखवायची घाई, आणि ट्रस्टला म्हणे एक बालवाडी खरोखरच बांधायची होती. प्राचार्य दहादा सांगत होते, चांगलं प्रोजेक्ट असेल तर ते घेणार. मल्लप्पानं मान डोलावली. असले घेणारे त्यानं लई बघितले होते.

सकाळी सातला तो हॉलमध्ये टेबलं मांडत होता, तेव्हा अकबरी मॉडेल घेऊन टांग्यातून उतरली. डोळे सुजलेले. त्यानं मॉडेल तिच्या हातातून घेतलं, टेबलावर ठेवलं, वरचा कागद काढला आणि जागच्या जागी थिजला.

त्याची गल्ली होती ती. पोरीनं हुबेहूब केली होती हो! शिवयोगीचं घर, चंद्रव्वाचा मोडका कट्टा, नळ, सगळं. आणि बरोबर मधोमध, जिथं रोज सूत ताणलं जातं तिथं, बालवाडी उभी. दोन मजली, जाळीच्या खिडक्यांची, फार देखणी.

"कसं वाटतंय, मामा?"

मल्लप्पा हातातल्या कागदाची घडी घालत राहिला. सांगावं तर पोरगी मरते, तीन तासांत ज्यूरी. न सांगावं तर... न सांगावं तर काय? तो स्वतःशी म्हणाला, काही होत नसतं, मे महिन्यात बंबातच जायचंय. पण आज तो ट्रस्टचा माणूस येणार होता. आठ वर्षं काही झालं नाही म्हणून नवव्या वर्षी होणार नाही असं थोडंच आहे? आणि झालं तर अकरा घरांनी सूत ताणायचं कुठे?

"बाई," तो म्हणाला, "हितं पाजणी असती."

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. मग तिचा आवाज चढला, "मामा, मी विचारलं होतं! तिथं काहीच नव्हतं! मी स्वतः मोजलंय!"

"अमावास्या हुती," मल्लप्पा म्हणाला. "मीच बोलावलं. माझंच चुकलं."

अकबरी मटकन खुर्चीत बसली. आता रडेल असं त्याला वाटलं. ती रडली नाही. रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं. मग ती म्हणाली, "इमारत बदलायला वेळ नाही. आहे तशी उचलून दुसरीकडे ठेवता येईल. साइटचं एकच शीट खरवडावं लागेल. पण कुठे ठेवू? सांगा तुम्हीच."

दोघं मॉडेलवर वाकले. गल्ली चिंचोळी, घराला घर चिकटलेलं. मागं परस असलेलं, वारा खेळेल असं एकच घर होतं, गल्लीच्या अगदी टोकाला. मल्लप्पानं त्यावर बोट ठेवलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

"मामा!"

"पुठ्ठ्याचंच हाय की," मल्लप्पा म्हणाला. "काढ."

खरं म्हणजे ते त्याचं नव्हतंच. घर होतं नीलम्माच्या नावावर, त्याच्या बायकोच्या. मंद्रूपच्या तिच्या भावानं वाटणीच्या वेळी बहिणीला म्हणून जे दिलं, त्यातून ती जागा घेतलेली. वरचं माळवदही तिनंच केलं, पांढरी माती डोक्यावरून आणून, मल्लप्पा छातीनं आजारी पडला होता त्या वर्षी. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण घड्याळात साडेसात वाजले होते, पोरीच्या हातात ब्लेड होतं, आणि बोटाला कसला जोर लागतो? अकबरीनं नीलम्माचं घर अलगद कापून काढलं आणि मल्लप्पानं ते केराच्या टोपलीत टाकलं. तिनं ट्रेसिंगच्या शीटवरची शाई ब्लेडनं खरवडली, वर नखानं घोटलं, आणि नव्यानं ओढलं. दहाला दहा मिनिटं असताना शाई वाळली.

ज्यूरीत पुण्याचे परीक्षक म्हणाले, "मधली एवढी मोठी जागा सोडून इमारत कोपऱ्यात का?" अकबरीनं पाजणी सांगितली. कुंचे, खळ, घोडे, ऊन चढायच्या आतली घाई, सगळं सांगितलं. जणू जन्मभर तिनं तेच काम केलं होतं. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पाच वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी जागा बघून आलंय." मल्लप्पा चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होता. त्याची छाती भरून आली, आणि या वेळी धुळीनं नव्हे. पोरगी पहिल्या वर्गात पास झाली. ट्रस्टचा माणूस शीटची नक्कल घेऊन गेला.

मे महिन्यात मल्लप्पानं बाकीची मॉडेलं बंबात घातली. अकबरीचं प्राचार्यांनी काचेच्या कपाटात ठेवायला सांगितलं. तेव्हाच त्याच्या मनात पाल चुकचुकली. जूनमध्ये कळलं, ट्रस्टनं बालवाडी मंजूर केली आहे आणि देखरेखीला अकबरीलाच घेतलं आहे, निकाहापर्यंत.

नीलम्माला सांगायला हवं होतं. रोज संध्याकाळी तो ठरवायचा, आज सांगू. घरी यायचा, पाय धुवायचा, भाकरी पुढ्यात यायची, आणि वाटायचं, आता बोललो की ती विचारणार, मग समजावून सांगावं लागणार, मग रडारड, मग भाऊ येणार मंद्रूपहून. एवढं सगळं ऐकायचं तर अंगात बळ पाहिजे. उद्या बघू. कुणी सांगावं, ट्रस्टवाले विसरूनही जातील. असल्या माणसांच्या विसराळूपणावर मल्लप्पाचा फार भरवसा होता, आणि आठ वर्षं त्यांनी तो कधी मोडला नव्हता. एकदा त्यानं तोंड उघडलं होतं. "नीले," तो म्हणाला. ती म्हणाली, "काय?" तो म्हणाला, "चटणी वाढ." आता अशा माणसाला काय म्हणावं?

नागपंचमी चार दिवसांवर आली असताना ते आले. सकाळची वेळ, पाजणी चालू होती. श्रीमंत नावाचा ट्रस्टचा ओव्हरसियर पुढे, हातात कागदाची गुंडाळी, आणि मागं अकबरी. ओव्हरसियर ताणलेल्या सुताखालून वाकून, नाक मुरडत आला. त्याच्या कोटाला खळ लागली. मल्लप्पा ओट्यावर बसला होता. त्यांना बघून तो उठलाच नाही. उठवेनाच.

अकबरी मात्र खुलली होती. त्याला आजवर तिचा असा चेहरा दिसला नव्हता. "मामा, झालं! पावसाळा संपला की काम सुरू. तुम्हाला विजापूर रस्त्याला नवी खोली मिळणार, ट्रस्टनं लिहून दिलंय. फक्त मालकाची सही हवी."

"मालक कोण?" ओव्हरसियरनं विचारलं. "इथं उताऱ्यावर तर बाईचं नाव आहे. नीलम्मा मल्लप्पा."

आवाज ऐकून नीलम्मा बाहेर आली. हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले. सणाच्या आधी घर सारवत होती.

"मामींना सांगितलंच असेल तुम्ही," अकबरी म्हणाली. मग तिनं नीलम्माकडे पाहिलं, मल्लप्पाकडे पाहिलं. "मामा, तुम्ही घरी विचारलं नव्हतं?"

"ऱ्हायलं," मल्लप्पा म्हणाला.

ओव्हरसियरला उन्हाचा त्रास होत होता. "हे बघा बाई, जबरदस्ती नाही. तुम्ही नाही म्हणा, आमचं काही अडत नाही. हा मधला रस्ता सार्वजनिक आहे, त्याला कुणाची सही लागत नाही. बालवाडी तिथंच बांधू. नाहीतरी चांगली मोकळी जागा आहे, हे दोरे काढले की झालं."

गल्लीत कुंचे थांबले. शिवयोगी खळीनं माखलेला तसाच उभा राहिला, त्याच्यामागं चंद्रव्वा, तिच्यामागं बाकीची घरं. शिवयोगीनं मान खालीच घातली, भावजयीकडे बघायचं त्याचं धाडस झालं नाही. ऊन चढत होतं आणि ताणलेलं सूत तसंच वाळत होतं. तसं वाळलेलं सूत वाया जातं, हे त्या ओव्हरसियरला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

नीलम्मा नवऱ्याजवळ आली. कानडीत हळूच विचारायला तिला कुणी अडवलं नव्हतं, पण तिनं मराठीतच, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे तुमी दिलं?"

"व्हय."

"कवा?"

"चैतात."

ती मनातल्या मनात महिने मोजत होती, हे त्याला दिसलं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ. चार महिने हा माणूस रोज रात्री शेजारी झोपला आणि बोलला नाही. ती ओरडली असती तर मल्लप्पाला सोसलं असतं. तिनं भावाचं नाव काढलं असतं, माळवदाची माती काढली असती, तरी त्यानं ऐकून घेतलं असतं. त्याला ओरडून घ्यायचंच होतं. कुणीतरी शिव्या घालाव्यात म्हणून तो चार महिने वाट बघत होता, हे त्याला त्या क्षणी कळलं.

"मग पाजणी हितंच ऱ्हाती न्हवं?" नीलम्मानं ओव्हरसियरला विचारलं.

"राहील की. आम्हाला काय, तुम्ही जागा दिल्यावर."

नीलम्मा वळून शिवयोगीला म्हणाली, "उभं काय ऱ्हायलाय? सूत वाळायलंय." शिवयोगीनं कुंचा उचलला. मग बाकीच्यांनी उचलले.

ती आत गेली. हंड्यातलं पाणी घेतल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा उजवा हात तेवढा धुतलेला होता, डावा तसाच. ओव्हरसियरनं शाईचा डबा उघडला. अकबरीनं कागद धरला. कागद वाऱ्यानं फडफडत होता, म्हणून नीलम्मानंच चिखलाच्या डाव्या हातानं त्याची कड दाबून धरली.

"काल दिवसभर बसून नवी चूल घातली," ती मल्लप्पाला म्हणाली, अगदी साध्या आवाजात. "आदी सांगितलं असतं तर तेवढी तरी घातली नसती की."

आणि तिनं अंगठा उठवला.